दर्यावरची चाळणी

समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या, ५ मिलिमीटरहून लहान अशा प्लॅस्टिककणांची मोजदाद करावयाची म्हणजे प्रथम हाच प्रश्न उभा राहतो की, अथांग दर्यातून नमुना म्हणून पाणी घ्यावयाचे किती आणि ते गाळावयाचे कोणत्या चाळणीने. बहुधा या कामी ‘मांटा’ नामक जाळे योजतात. दोन्ही अंगांस पंख असलेली त्याची चौकट त्या नावाच्या माशासारखी दिसते, आणि कोकणातील डोल जाळे जसे ओढीच्या पाण्यात एका जागी बांधून ठेवतात तसे न करता, हे जाळे नौकेमागील फेसाळ पाण्यापासून दूर राखून १५ ते ३० मिनिटे मंद गतीने ओढतात. मुखाशी बसविलेले प्रवाहमापक यंत्र आत शिरलेल्या पाण्याचा हिशेब ठेवते. तो चुकला की सापडलेल्या कणांची संख्या कवडीमोलाची.

जाळ्याची छिद्रे बहुधा ०.३३ मिलिमीटरची असतात. हा प्लवकशास्त्राचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाचा, वारसा. १९७२ साली सारगॅसो समुद्रातील प्लॅस्टिकचे वृत्त देणाऱ्या कार्पेंटर व स्मिथ यांचे जाळेही तसलेच होते. परंतु कपड्यांतून सुटलेले तंतू, लांबीने मोठे असले तरी, या छिद्रांतून उभे निसटतात. बादलीभर पाणी बारीक गाळणीतून काढले तर ते हाती लागतात खरे. मात्र बादलीत समुद्र तो केवढा मावणार! त्यातच वारा वाढला की कण खाली ढवळले जातात, म्हणून वाऱ्याचीही नोंद दप्तरी हवी.

आणि प्रयोगशाळेत एक कोरी, ओली गाळणी उघडी ठेवतात: संशोधकाच्याच सदऱ्याचे धागे समुद्राच्या खाती जमा होऊ नयेत म्हणून.