मध्यमवयातील स्केटबोर्डिंग : पुनरागमन व सुरक्षितता

2021 मध्ये टोकियो येथे पार पडलेल्या ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. 2024 च्या पॅरिस स्पर्धेत ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड वयाच्या 51 व्या, तर दक्षिण आफ्रिकेचा डलास ओबरहोल्झर 49 व्या वर्षी सहभागी झाला. हा खेळ केवळ मुलांचा नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि या दोघांनी सराव दीर्घकाळ टिकवला होता. अनेक वर्षांच्या खंडानंतर परतणाऱ्याची स्थिती भिन्न असते.

वयोमानानुसार तोल सावरण्याची गती मंदावते. शिकलेल्या कौशल्याची स्मृती मात्र टिकून राहते. अपघाताचे मूळ बहुधा या तफावतीत असते. पडताना हात आपोआप पुढे टेकला जातो व मनगटाजवळचे हाड मोडू शकते. म्हणून हेल्मेट व गुडघ्यांच्या पॅडइतकेच मनगटाचे संरक्षकही आवश्यक ठरतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत डोक्याचा मार अधिक घातक ठरू शकतो. त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

डहाणूच्या किनाऱ्यालगत वाऱ्याने आलेली वाळू व बारीक खडे लक्षात घ्यावे लागतात. लहान, कठीण चाक खड्याला अडले की फळी थांबते व स्वार पुढे फेकला जातो; मोठी, मऊ चाके त्यामानाने सुरक्षित. तलासरीतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर व त्याच्या जोडरस्त्यांवर सराव सर्वथा वर्ज्य मानावा. कोरडे, सपाट, बंदिस्त सिमेंटचे आवार योग्य; पावसाळ्यात मात्र उघड्यावरील सराव थांबवावा.

निष्कर्ष : आरंभी उभे राहणे, थांबणे आणि गुडघे वाकवून पडणे एवढेच शिकावे, वेग त्यानंतर.