पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे

पीयूसीत गाडी नापास झाली की लगेच कुणीतरी म्हणतं, "आता जुनी झाली, काढून टाका." पण जुन्या गाडीला नव्या गाडीची मोजपट्टी लावतच नाहीत. भारत स्टेज दोन-तीनच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमपर्यंत चालतं. भारत स्टेज चारच्या कारला 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. एवढी मोकळीक असूनही गाडी बसत नसेल, तर दोष वयाचा नाही, बिघाडाचा आहे. आणि बिघाड बहुतेकदा दुरुस्त होतो.

"धूर तर दिसत नाही!" हेही नेहमीचं. धुराचा काळेपणा मोजतात तो डिझेल गाड्यांचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदला." कन्व्हर्टर सहसा आपणहून जात नाही. इंजिनात न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते. मूळ दोष तसाच ठेवून नवा बसवला, तर तोही जाणार. म्हणून खर्चाआधी कागद वाचावा. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन मर्यादेत, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त: गळका इंजेक्टर, थकलेला ऑक्सिजन सेन्सर, कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक किंवा चोंदलेला एअर फिल्टर. उलट हायड्रोकार्बन चढलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. गाडी मिसिंग करतेय. तिथे प्लग, वायर, कॉइल पाहा, मग कॉम्प्रेशन.

कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाडी पास करून घेणं हा इलाज नव्हे. पेट्रोल फार कमी केलं की पुन्हा मिसिंग सुरू होतं आणि दुसरा आकडा वर जातो.

आमच्या घरच्या 2006 च्या कारचा कागद आला तेव्हा कार्बन मोनॉक्साइड 1.8 टक्के होतं, हायड्रोकार्बन 310. कन्व्हर्टरच बदलायचा सल्ला मिळाला. दुसऱ्या मेकॅनिकने आधी प्लग काढले. चारही टोकांवर कोरडी काजळी, बोटाला लागेल अशी. मग त्याने तापमानाचा काटा दाखवला: अर्धा तास चालवूनही तो खालीच. कुणीतरी पूर्वी, उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून, थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरायचं, इंजिन पुरेसं तापायचंच नाही. ते अजून गारच आहे असं समजून इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जादा पेट्रोल सोडत राहायचा. ही काढाकाढी आपल्याकडे सर्रास चालते, आणि तिचा पेट्रोलच्या खर्चाशी संबंध आहे हे गाडीवाल्याला कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट बसवला, प्लग साफ केले. तपासणीच्या दिवशी वीस मिनिटं गाडी चालवूनच केंद्रावर गेलो, कारण कन्व्हर्टर साधारण 300 अंशांच्या पुढेच नीट काम करतो. थंड गाडी निष्कारण नापास होते. कागदावर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आलं. महिन्याभराने प्लग पुन्हा काढून पाहिले, तर टोकं फिकट तपकिरी होती. कन्व्हर्टर जुनाच आहे.