मांडीतील रक्तवाहिन्या : पुस्तकातल्या व माणसातल्या

शरीरशास्त्राच्या पुस्तकात मांडीचे एकच चित्र असते, व वर्गात फळ्यावर आम्हीही तेच काढतो. जांघेतून गुडघ्याकडे उतरणारी तांबडी रेघ ही फेमोरल रोहिणी. शेजारची निळी रेघ ही तिची नीला. मुलांना एवढे पुरते. परंतु हे चित्र म्हणजे निव्वळ बहुमताचा कौल होय, आणि शस्त्रवैद्यापुढे टेबलावर बहुमत येत नाही, एकेक मनुष्य येतो.

जांघेखाली सुमारे ३ ते ४ सेंटिमीटरवर या रोहिणीला प्रोफंडा नावाचा जाड फाटा फुटतो. मांडीचे स्नायू मुख्यतः त्याच्यावरच पोसतात. त्याच्या दोन शाखा हाडाला वेढा घालतात, असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात, ढोबळ मानाने पाचांतील एका मांडीत आतली शाखा प्रोफंडातून न निघता थेट मुख्य रोहिणीतून निघते. ही शाखा दिसायला बारीक. पण हाडाचा जो गोळा खुब्यात बसतो, त्याला रक्त प्रामुख्याने तीच पुरवते. म्हातारपणी पडून खुबा मोडला (हे दुखणे कोणत्या घराला ठाऊक नाही?) आणि त्यात ती तुटली, तर गोळा मरण्याचे भय असते.

हे वेगळेपण येते कोठून? गर्भात पायाची पहिली रोहिणी मांडीच्या मागून, सायटिक मज्जातंतूच्या सोबतीने उतरते. पुढची फेमोरल मागाहून वाढते व कारभार हाती घेते. मग जुनी बहुतांशी विरून जाते. क्वचित कोणात ती तशीच राहते. १८३२ साली अशी नोंद प्रथम झाली. अशा माणसाची जांघेतली नाडी मंद लागते, गुडघ्यामागची मात्र ठणठणीत! त्याच्या ढुंगणात ती रोहिणी फुगून गाठ आली आणि कोणी गळू समजून चीर दिली, तर काय अनर्थ होईल ते सांगायला नको.

फाट्यांचे हे जाळे उपकारकही आहे. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर यांनी एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगलेल्या रोहिणीवर इलाज म्हणून तिचा वरचा प्रवाह मांडीतच बांधून टाकला. पाय कुजला नाही. आडवाटांनी रक्त खाली पोचले.

नीलांची तऱ्हा आणखी न्यारी. पुष्कळांच्या मांडीत फेमोरल नीला जुळी असते. एकीत रक्ताची गुठळी झाली व तपासणाऱ्याने दुसरीच मोकळी पाहिली, तर रोग सुटतो, आणि गुठळी फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतते. त्यात नावाचा घोटाळा : या खोल नीलेस पूर्वी ‘सुपरफिशियल’, म्हणजे वरवरची, म्हणत. अहवालात तो शब्द वाचून धोका नाही असे काही डॉक्टरही समजत. २००२ साली तज्ज्ञांनी ते नाव सोडून नुसते ‘फेमोरल नीला’ म्हणण्याचे ठरविले. जुन्या कागदांत ते अजून आढळते. एकच पाय सुजला असता असा कागद हाती आला, तर डॉक्टरांना त्याचा अर्थ उघड विचारावा.