लँड रोव्हरची चासी

जुन्या लँड रोव्हरची बॉडी फारशी गंजत नाही, गंजते ती चासी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात पोलाद मोजूनमापून मिळत होते. म्हणून १९४८ साली अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीचे बहुतेक पत्रे अॅल्युमिनियमचे होते. खालचा सांगाडा मात्र पोलादी: सपाट पट्ट्या वेल्ड करून केलेल्या चौकोनी पोकळ तुळया. महागडे साचे वाचवणारी ही युक्ती मला आजही मोठी वाटते. घात होतो तो त्या पोकळीत.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. खारा चिखल पोकळीत जाऊन बसतो आणि गंज आतून धरतो. बाहेर काळा रंग तुकतुकीत, आत पत्रा पापडासारखा. जाणता मेकॅनिक म्हणून हातोडीने चासी वाजवत जातो. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत; बद्द आला तर पुढच्या ठोक्याला भोक. चाकांनी उडवलेला चिखल साचतो तिथली मागची आडवी तुळई बहुधा आधी जाते. मग बॉडी पेलणारे बाजूचे हात.

तेवढेच गेले असतील तर कापून नवे जोडावेत. ठिगळ चारही बाजूंनी सलग वेल्ड झालेच पाहिजे, नाहीतर इंग्लंडातल्या वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. पण वेल्ड धरायला भोवती निरोगी पत्रा लागतो. मुख्य तुळयाच कुजल्या असतील तर ठिगळामागून ठिगळ लावण्यात पैसा आणि जीव दोन्ही धोक्यात घालू नयेत. चासी बदलावी.

बॉडी बोल्टांवर बसवलेली असल्याने हे शक्य होते. मात्र इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, सगळे उतरवावे लागते. गंजून एकजीव झालेले बोल्ट ग्राइंडरनेच कापावे लागतात. नवी चासी सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेली घ्यावी. तुळयांना ठेवलेल्या भोकांतून जस्त आतपर्यंत पोचते, पुढे ओरखडा पडला तरी आधी तेच झिजते आणि पोलाद वाचते. फक्त आटे पुन्हा साफ करावे लागतात. कंपनीच्या सुरुवातीच्या नमुना गाड्यांना अशीच जस्त चढवलेली चासी होती. ती पुढे कायम ठेवायला हवी होती.

जुनी लँड रोव्हर घेणार असाल तर रंगाला भुलू नका. हातोडी घ्या, गाडीखाली शिरा आणि मागच्या तुळईपासून सुरुवात करा.