आपला क्लब नेमका कुणाचा?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात फुटबॉलचे चाहते आहेत, पण त्यांना आपला म्हणता येईल असा व्यावसायिक क्लब जवळपास नाही. जिथं मुंबई सिटी एफसीचे सामने होतात ते अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल इथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. म्हणजे जळगावहून रात्रीची गाडी, दीड-दोन तासांचा सामना आणि परतीला पुन्हा रात्रीची गाडी. मग इथल्या पोरांच्या अंगावर बार्सिलोनाची नाहीतर मँचेस्टर युनायटेडची जर्सी दिसते आणि मोठी माणसं नाक मुरडतात. मला त्या पोरांचं वागणं व्यवहाराला धरून वाटतं. मँचेस्टर युनायटेड आणखी दहा वर्षांनी असेलच, हे त्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक क्लबांचा इतिहास मात्र तशी हमी देत नाही. आपले क्लब प्रेक्षक नसल्यामुळे बुडाले, असं सर्रास सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. ज्यांनी त्यांच्यावर जीव लावला त्यांचा त्या क्लबांवर कसलाच हक्क नव्हता, म्हणून ते इतक्या सहज बंद करता आले.

महिंद्रा युनायटेडचंच घ्या. कंपनीचा हा मुंबईकर संघ २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप जिंकला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीनं संघ बंद केला आणि यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ असं सांगितलं. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी काही वर्षं खेळत राहिला. २०१७ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला. पुण्याची यादी आणखी लांब आहे. त्याच २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, दुसरा आला होता. काही वर्षांत त्याचंही दुकान बंद झालं. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगामांनंतर आय-लीगमधून दिसेनासा झाला. हरले म्हणून मिटले असं म्हणावं, तर यातले दोघे विजेते-उपविजेते होते.

सगळ्यात बोलकं उदाहरण एफसी पुणे सिटीचं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर हा क्लब जन्मला, २०१७-१८ मध्ये पहिल्यांदाच उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये गुंडाळला गेला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादचा संघ २०२२ मध्ये विजेता झाला आणि २०२५ मध्ये तोही उठून दिल्लीला गेला, नव्या नावानं. गंमत म्हणजे याच दिल्लीचा आधीचा संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला हलवला गेला होता. बाडबिस्तरा गुंडाळून फिरावं तशी ही शहरं बदलत गेली, आणि प्रत्येक मुक्कामी कुणीतरी झेंडे शिवून घेतले होते, ढोल विकत आणले होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे ज्या हैदराबादकडून खेळला, ती जागा मुळात पुण्याची होती. पुण्यात बसून त्याला आपला म्हणणाऱ्यानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

असं इंग्लंडमध्येही घडलं आहे. लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या गावी जायची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत परतला. पुण्याच्या चाहत्यांना हे का जमलं नाही, असा टोमणा मारणं सोपं आहे. पण तिथं खालून वर जाणाऱ्या नऊ पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीवर नियमित सामने होते. आपल्याकडे जिल्ह्यातली स्पर्धा आणि देशातली लीग यांच्यामध्ये चढायला जिनाच धड नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. क्लब चालवायला कोट्यवधी लागतात. तिकिटांतून त्याचा अंशही निघत नाही. मालक वर्षानुवर्षं तोटा सोसतो. मग त्यानं हात काढून घेतला तर त्याला दोष का द्यायचा? दोष देऊ नयेच. तोट्यात जाणारा धंदा बंद करणं हा कुणाचाही अधिकार आहे. मुंबई सिटीचंच पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या पाच हंगामांत क्लबनं दोनदा लीगमध्ये पहिलं स्थान आणि दोनदा चषक मिळवला; एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. जुलै २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा घोळ झाला, हंगाम अडकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे मालक बाहेर पडले. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. प्रश्न एवढाच, की गेल्या दहा-अकरा वर्षांत स्टँडमध्ये उभ्या राहिलेल्या वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटातल्या पोरांना या व्यवहारात कुणी विचारलं का? विचारायचं तरी कुठल्या नात्यानं? ते ग्राहक होते, सभासद नव्हते.

सभासद असले की काय होतं ते कोलकात्यात दिसतं. १८८९ मध्ये स्थापन झालेला मोहन बागान २०२० मध्ये एटीके या लीगमधल्या क्लबाबरोबर एकत्र आला आणि नावापुढे 'एटीके' ही अक्षरं चिकटली. चाहत्यांनी तीन वर्षं ती अक्षरं काढा म्हणून रान उठवलं. मार्च २०२३ मध्ये संघ विजेता झाला, त्याच रात्री मालकांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. पैसा मालकाचाच होता आणि आजही आहे. नव्या नावातही मालकाची खूण उरलीच. तरीही नाव, रंग आणि गाव यांवर लोकांचा शब्द चालला, कारण तिथं क्लब ही आधी लोकांची संस्था आहे आणि मग कुणाची तरी गुंतवणूक. जर्मनीत हेच नियमात बसवलं आहे: काही अपवाद सोडले तर क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती राहतात.

यावर कुणी गोव्याकडे बोट दाखवेल. धेंपो, साळगावकर हे उद्योगपती घराण्यांचेच क्लब, तरी दशकानुदशकं टिकले. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते थोडं अडचणीचंही आहे. देशाचं लीग विजेतेपद पाच वेळा मिळवणारा धेंपो २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांसह आय-लीगमधून बाहेर पडला. पण तो मिटला नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. मालक चांगला असेल तर क्लब टिकतो, एवढंच यातून सिद्ध होत नाही. वरची लीग सुटली तरी खाली गावच्या लीगमध्ये पाय टेकवायला जमीन होती, हेही दिसतं. पुण्या-मुंबईतल्या नव्या क्लबांच्या पायाखाली ती नव्हती.

महाराष्ट्रात अशी जमीन दिसते ती कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हे संघ पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जी गर्दी लोटते ती पाहिली, की महाराष्ट्रात फुटबॉलला माणूस येत नाही हे वाक्य तिथंच संपतं. या संघांना मोठी लीग नाही, टीव्ही नाही, परदेशी भागीदार नाही. प्रायोजक येतात नि जातात. तालीम राहते, कारण ती उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. त्यांचे दोषही झाकायचं कारण नाही. पेठेची ईर्ष्या हाणामारीवर जाते, हुल्लडबाजीनं सामने थांबतात, आणि एवढी गर्दी असूनही कोल्हापूरचा एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये दिसत नाही. हक्कानं क्लब टिकतो. तो मोठा होतोच असं नाही. मला मात्र त्या दोन्हींत निवड करावी लागली तर टिकणारा क्लब हवा, कारण मोठा होण्याची संधी जिवंत क्लबालाच असते.

सभासदांचा क्लब म्हटलं की चोपड्याचा माणूस हसेल आणि तालुक्यातल्याच चहार्डीकडे बोट दाखवेल. तिथला साखर कारखानाही सभासदांचाच होता. तो अडचणीत आला आणि शेवटी भाड्यानं चालवायला द्यावा लागला. सहकारात राजकारण शिरतं, पॅनल पडतात, कर्ज वाढतं, आणि शेअर घेतलेला शेतकरी उसाच्या बिलासाठी खेटे घालतो. हा आक्षेप सगळ्यात जड आहे, आणि सभासद झालं की कारभार आपोआप चांगला होतो असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तरीही दोन गोष्टी पाहा. कारखाना अडचणीत आला, पण तो रातोरात हैदराबादला गेला नाही. त्याच्या वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारता येतो, संचालकांना मतानं पाडता येतं. आणि कारखाना बुडवणारा मुख्य रोग कर्जाचा आहे. तालुक्याच्या फुटबॉल संघाला बॉयलर लागत नाही. वर्गणी आणि एखाद-दुसरा प्रायोजक यांत बसेल तेवढाच खर्च करायचा, खेळाडू विकत आणण्यासाठी एक रुपया उसना घ्यायचा नाही, एवढा नियम घटनेत घातला तर बुडायला फारसं काही उरत नाही.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला. त्या वर्षीच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं शाळाशाळांत चेंडू पोहोचले. सरकारनं चेंडू दिला. संघ, वर्षभराचं वेळापत्रक आणि शेजारच्या अमळनेर, यावल, शिरपूरशी खेळायचे सामने सरकार देऊ शकत नाही, आणि मुंबईची कंपनी तर नाहीच नाही. ते गावानंच उभं करायचं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर धावणारी पोरं आहेत, केळीच्या पट्ट्यात थोडाफार पैसा आहे, मैदानं अजून पूर्ण गिळली गेलेली नाहीत. ज्याला खरंच आपला क्लब हवा असेल त्यानं जर्सी छापण्याआधी घटना लिहावी, वर्गणीदारांची यादी करावी आणि प्रत्येकाला एक मत द्यावं. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात, आणि अर्ज जळगावच्या धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो.