गाडीखालून कुईकुई, खटखट आवाज येतोय? शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

नांदेड : सोयाबीनची रास झाली की पोती पिकअपमध्ये भरून कुणी नांदेडच्या नव्या मोंढ्यात नेतं, तर कुणी थेट लातूर गाठतं. मग तूर, हरभरा, ऊस. मधे माळेगावची जत्रा. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गाडीला उसंत नसते आणि याच दिवसांत गाडीखालचे आवाज सुरू होतात. लोहा, अहमदपूरकडून ३६१ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने येताना गाडी गुमान चालते. गावाच्या फाट्यावर वळली की खटखट, कुईकुई चालू.

बहुतेक जण काय करतात? टेपचा आवाज वाढवतात. फारच झालं तर मिस्त्रीकडे नेतात. तिथं गाडी उभी असते, त्यामुळे आवाज येत नाही. मग अंदाजाने शॉकअप बदलले जातात, बिल होतं आणि परतीच्या रस्त्यावर पहिल्याच गतिरोधकाला पुन्हा तोच आवाज. यात पैसा जातो हे खरंच, पण दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. काही आवाज नुसते कटकटीचे असतात, तर काही चाक निखळण्याआधीचे असतात. दोन्ही ऐकायला कधीकधी सारखेच वाटतात.

आवाज कसा, यापेक्षा कधी येतो ते बघा

मिस्त्रीला 'खालून आवाज येतो' एवढंच सांगून भागत नाही. गाडी रिकामी असताना येतो की भरल्यावर? ब्रेक मारल्यावर, वळताना, की क्लच सोडताना? पुढून की मागून? हे सांगितलं की अर्धं काम झालं. मोबाईल सगळ्यांकडे आहेच. एकाने गाडी गतिरोधकावरून अगदी हळू न्यावी, दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाकाच्या उंचीवर मोबाईल धरून व्हिडिओ काढावा. पुढचं चाक चढताना आवाज आला की मागचं, ते व्हिडिओत नीट कळतं. गाडीच्या आत बसून हे कळत नाही, कारण लोखंडातून आवाज भलतीकडेच ऐकू येतो.

त्याआधी फुकटातली तपासणी करावी. सीटखालचा जॅक, टॉमी, पाने बाहेर काढून ठेवा. पिकअपखाली टांगलेली स्टेपनी हलवून बघा, ती सैल असली की खड्ड्यात धाडधाड वाजते. सायलेन्सरची पत्री, क्लॅम्प थंड असताना हाताने हलवा. आपल्याकडची काळी माती तर वेगळीच. पावसाळ्यात रिमच्या आत चिकटते, वाळून दगडासारखी होते आणि वेगात गाडी थरथरते. पऱ्हाटीचा, तुरीचा खुंट खाली अडकून घासतो तो वेगळा. गाडी खालून धुतल्यावरच कितीतरी आवाज जातात.

कुईकुई, करकर

असा आवाज बहुधा कोरडेपणाचा असतो. पिकअप, छोटा हत्ती यांना पाटे असतात, बोलेरोला मागे असतात. पाट्यांमध्ये धूळ आणि गंज बसला की गाडी झुलताना ते एकमेकांवर घासून करकरतात. पाट्याच्या टोकाची शॅकल पिन कोरडी पडली तरी तसाच आवाज येतो. तिथं ग्रीस निपल असेल तर ग्रीस मारावं, काही गाड्यांत तिथं रबरी बुश असतो.

रबरी बुश ओळखायची सोपी युक्ती आहे. संशय असलेल्या बुशावर थोडं पाणी मारायचं आणि गाडी दाबून झुलवायची. पाणी मारल्यावर आवाज थांबला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष त्याच बुशात आहे. मात्र आवाज बंद करायला त्यावर जळकं ऑईल किंवा डिझेल मारायची जी पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि बुश लवकर फाटतो. वर त्या तेलाला फुपाटा चिकटतो. रबराला सिलिकॉन स्प्रे चालतो. पण बुशाला भेगा पडल्या असतील तर तो बदलणं हाच उपाय.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना पुढून करकर किंवा टणत्कार होत असेल, तर लहान कारमध्ये पुढच्या शॉकअपच्या वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग बघायला सांगा.

खटखट, ठकठक

इथं जरा सावध व्हायचं. कालपरवाच पंक्चर काढलं असेल आणि आज हळू वेगात चाकातून ठकठक येत असेल, तर जागेवर थांबून चाकाचे नट बघा. चाक लावल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत, हे फार थोडे लोक पाळतात.

बारीक खड्ड्यांत, हळू वेगात सारखी टकटक येते, ती कारमध्ये बहुतेक वेळा लिंक रॉडची असते. भाग लहान आणि शॉकअपच्या मानाने स्वस्त. शॉकअपचा दोष तपासायचा तर गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक, दोन-तीनदा झुलला किंवा शॉकअपमधून तेल गळत असेल तर तो गेला. पुढच्या चाकाची गाडी पूर्ण वळवताना टकटकटक करत असेल, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल.

क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच 'ठक' आला, तर मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत शाफ्टचा क्रॉस तपासा. त्याआधी कधीकधी चिमणीसारखी चिकचिक येते, वेग वाढला की तीही वाढते. सपाट जागेवर, इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून आणि गिअर न्यूट्रल ठेवून शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवायचा. सगळा शाफ्ट मिळून किंचित फिरणं चालतं. पण क्रॉसपाशी एक बाजू हलली आणि दुसरी मागे राहिली, तर क्रॉस गेला. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं. माहूरच्या घाटात भरली गाडी असताना हे झालं तर काय होईल, हे सांगायला नको.

पाट्यांचंही तसंच. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन. त्यात दीड टन भरल्यावर पाटा तडकतो, नाहीतर यू बोल्ट ढिले होतात. गाडी एका बाजूला कललेली दिसली किंवा मागचं चाक मडगार्डच्या मधोमध नसून पुढे-मागे सरकलेलं दिसलं, तर सेंटर बोल्ट तुटला असू शकतो. मग एक्सल जागेवर राहत नाही. माल उतरवून घ्या, गाडी चालवत नेऊ नका.

चाक हलवून बघायची रीत

पुढचं चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही, खाली लाकडी ठोकळा किंवा स्टँड हवाच. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलं वाटलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बोलेरोसारख्या गाडीत जॅक खालच्या आर्मखाली लावावा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणामुळे ढिलेपणा लपून जातो. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉडचा एंड. बॉल जॉइंट निसटला तर चाक दुमडून गाडीखाली जातं. त्यामुळे तो ढिला निघाला तर 'हंगाम झाल्यावर बघू' हे चालणार नाही.

गॅरेजात बुश बदलताना एक सांगून ठेवा. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हलके लावायचे आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावर पूर्ण आवळायचे. हवेतच आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो आणि तोच आवाज परत येतो. जुना भाग परत मागून घ्या. बदललेला भाग खरंच झिजलेला होता का, ते हातात धरून बघता येतं.