राखेला जागे करणारी रसायने

सिमेंटच्या पोत्यावर 'पीपीसी' ही अक्षरे दिसली, की आमच्या इंदूरचे काही मिस्त्री नाक मुरडतात. "यात राख असते," म्हणतात. ते खरेच आहे. भारतीय मानकाप्रमाणे राखेच्या सिमेंटात शेकडा 15 ते 35 भाग वीजकेंद्राची उडती राख असते. पण ती भेसळ नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. घरी वरचा मजला चढवायचे ठरले आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली, तेव्हा हा विषय समजून घेणे भाग पडले.

दगडी कोळसा जळताना त्यातील मातीचा अंश वितळतो व झटकन थंड होऊन त्याचे काचेसारखे सूक्ष्म गोळे बनतात. खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी वीजकेंद्रातून निघणारी राख याच जातीची. सिमेंटात पाणी पडले की बळकटी देणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत चुना सुटतो. राखेतील सिलिका या चुन्याशी संयोग पावून तोच चिकट पदार्थ आणखी तयार करते. महाराष्ट्रात घाटघरच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राखच अधिक वापरली आहे.

अडचण एवढीच, की राख आळशी असते. तिची काच फुटायला आठवडे लागतात. म्हणूनच आयएस 456:2000 या मानकात साध्या सिमेंटाला किमान 7 दिवस, तर राखेच्या सिमेंटाला किमान 10 दिवस पाणी मारावयास सांगितले आहे. दिवस वाढले की सेंटरिंगचे भाडे आणि टँकरचा खर्चही वाढतो.

येथे रसायने उपयोगी पडतात. सोडियम सल्फेट घातले, तर ते चुन्याशी मिळून जिप्सम व कॉस्टिक सोडा बनवते. सोडा काच फोडतो. जिप्सम अॅल्युमिनाशी मिळून सुईसारखे स्फटिक बनवते व ते बारीक छिद्रे भरतात. परिणामी पहिल्या काही दिवसांतली ताकद वाढते. कॅल्शियम क्लोराइडही घट्ट होण्याचा वेग वाढवते, पण त्याने आतील लोखंड गंजते. स्लॅबला ते नकोच. सोड्याचे प्रमाण जास्त झाले तर भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, आणि खडी विशिष्ट जातीची असल्यास काँक्रीट पुढे फुगून तडकते.

तेव्हा जमाखर्च असा मांडावा: जमेला वाचलेले सिमेंट व दिवस, खर्चाला रसायनाची किंमत व जोखीम. प्रयोगशाळेत प्रमाण ठरल्यावाचून हा व्यवहार करू नये. अंदाजाने मूठभर पूड टाकणे म्हणजे तारण न घेता कर्ज देणे होय. घर बांधणाऱ्याने राखेला भिऊ नये; 10 दिवस न चुकता पाणी मारावे, आणि सेंटरिंग काढण्याची घाई करू नये.